पोलिसांचा वायरलेस: ऐकणार कोण, नोंद जपणार कोण

पोलिसांचे बिनतारी बोलणे सामान्य माणसाला ऐकू यावे की नाही, यावर अमेरिकेत गेली काही वर्षे शहरोशहरी वाद चालू आहे. तिथे अनेक दशके लोक स्कॅनर लावून पोलिसांचे निरोप ऐकत आले. आता एकेक पोलीस दल आपल्या लहरी कुलूपबंद करू लागले आहे आणि पत्रकार व नागरिक त्याविरुद्ध बोलत आहेत. आपल्याकडे हा वाद त्या रूपात कधी उभा राहिला नाही, कारण ऐकण्याची मुभा मुळातच नव्हती. तरीही तो आपल्या दाराशी आहे. मुंबईवरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीला नियंत्रण कक्षाच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागाव्या लागल्या. रायगडच्या किनाऱ्याने १९९३ पासून सागरी सुरक्षेचा प्रत्येक टप्पा पाहिला आहे. किहीमच्या पुळणीवरून मुंबई डोळ्यांना दिसते आणि समोरच्या पाण्यात खुल्या व बंद अशा दोन्ही लहरींवर बोलणे चालू असते. या प्रश्नाची पार्श्वभूमी काय, कोण काय म्हणतो आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा.

परवान्याची परंपरा

आपल्या कायद्याची मुळे १८८५च्या तार अधिनियमात आणि १९३३च्या बिनतारी तार अधिनियमात आहेत. १९३३च्या कायद्याने नुसता बिनतारी संच जवळ बाळगणे हीच परवान्याची बाब केली. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरातला रेडिओ लावायलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे शुल्क भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तशी नोंद करून घ्यायची, हे आज साठीत असलेल्यांना आठवत असेल. जिथे आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकायला सरकारची परवानगी लागे, तिथे पोलिसांचा वायरलेस ऐकण्याचा हक्क कुणी मागितला नाही यात नवल नाही.

२०२३च्या दूरसंचार अधिनियमाने हे जुने कायदे मागे टाकायला सुरुवात केली. तो टप्प्याटप्प्याने अमलात येत असून, बेकायदा संदेश टिपण्याबद्दलच्या शिक्षेचे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे वसाहतकाळापासून चालत आलेली भूमिका बदलली नाही, फक्त शिक्षा वाढली.

बाजार मात्र कायद्यापुढे धावला. स्वस्त वॉकीटॉकी घरपोच मिळू लागल्या. बंगल्यांचे रखवालदार, लग्नाचे मांडववाले, रिसॉर्टची माणसे त्या वापरू लागली. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरायला मोकळीक दिली. परंतु विकले जाणारे बरेच संच त्या पट्ट्याबाहेरही चालतात आणि घेणाऱ्याला ते सांगितले जात नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यासाठी ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचांना नोटिसा काढल्या आणि स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही जारी केल्या. अलिबाग तालुक्याच्या या पट्ट्यात शनिवार-रविवारी येणाऱ्या गर्दीमागे किती संच बोलत असतात याचा विचार केला, तर ही कागदावरची बाब राहत नाही.

डिजिटल म्हणजे कुलूपबंद नव्हे

इथे एक गल्लत वारंवार होते, ती आधी दूर केलेली बरी. जुना अॅनालॉग वायरलेस म्हणजे ठरलेल्या लहरीवर आवाज सोडणे. त्या लहरीवर संच लावणाऱ्या कुणालाही तो ऐकू येतो. डिजिटल संचात आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. जुन्या संचावर तो खरखरीसारखा ऐकू येतो, पण रूपांतराची पद्धत जाहीर असेल तर संगणकाला जोडलेल्या काही हजार रुपयांच्या साधनानेही तो उलगडता येतो. एन्क्रिप्शन ही त्यापुढची पायरी. तिच्यात आवाज एका गुप्त किल्लीने बंद केला जातो आणि ती किल्ली ज्या संचांत भरलेली आहे तेवढेच संच तो उघडू शकतात.

किल्ली आली की तिचा कारभारही आला. एक संच हरवला तर सगळ्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात. शेजारच्या जिल्ह्याची कुमक आली आणि तिच्या संचात ती किल्ली नसेल, तर दोघे समोरासमोर उभे राहूनही वायरलेसवर बोलू शकत नाहीत. शिवाय कुलूप पक्के असेलच असे नाही. अमेरिकेत २०११ साली मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी पी-२५ या डिजिटल वायरलेस पद्धतीचे संच तपासले. एन्क्रिप्शन चालू आहे या समजुतीने बोललेली बरीच संवेदनशील संभाषणे प्रत्यक्षात उघडीच जात होती. २०२३ साली नेदरलँड्समधल्या मिडनाइट ब्लू या संस्थेने टेट्रा या दुसऱ्या डिजिटल वायरलेस पद्धतीतल्या एका कूटप्रणालीची किल्ली आतून जाणूनबुजून कमजोर केलेली असल्याचे दाखवले. ८० बिट्सची म्हणून सांगितलेली ती किल्ली प्रत्यक्षात ३२ बिट्सइतकीच ताकदीची होती. ही प्रणाली गुप्त ठेवल्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे बाहेर आला नव्हता. कुलूप कसे बनवले तेही लपवून ठेवल्याने सुरक्षा वाढते, या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का.

२६ नोव्हेंबर २००८

महाराष्ट्रात या प्रश्नाचा खरा कस लागला तो मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या त्या रात्री आणि तिच्यानंतरच्या वर्षांत.

कामा रुग्णालयाजवळ रंगभवनच्या गल्लीत पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळीबार झाला आणि हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी त्यात गेले. हल्लेखोर तीच गाडी घेऊन निघाले. मागच्या बाजूला जखमी पोलीस कर्मचारी अरुण जाधव अजून जिवंत होते. टायर फुटल्यावर हल्लेखोरांनी ती गाडी सोडून दुसरी पळवली आणि जाधव यांनी गाडीतल्या वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. पुढे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हल्लेखोरांपैकी कसाब जिवंत हाती लागला आणि त्याला पकडताना पोलीस तुकाराम ओंबळे यांनी प्राण दिले. पोलिसांच्या वायरलेसची किंमत या एका निरोपाने कळते. तो निरोप त्या क्षणी हल्लेखोरांच्या कानी पडला असता तर काय झाले असते, हा प्रश्न गोपनीयतेची बाजू मांडणाऱ्यांना विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

त्याच नियंत्रण कक्षाच्या नोंदींनी दुसरी बाजूही पुढे आणली. आपले पती त्या गल्लीत कसे पोहोचले, मदत कधी मागितली गेली, ती कधी निघाली, याची उत्तरे विनिता कामटे यांना मिळत नव्हती. त्यांनी माहितीच्या अधिकारात संभाषणाच्या नोंदी मिळवल्या आणि पत्रकार विनिता देशमुख यांच्यासह ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध केले. करकरे यांनी कुमक मागितली होती, तरी ती वेळेवर पोहोचली नाही आणि जखमी अधिकारी बराच वेळ रस्त्यावर पडून राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या रात्री नियंत्रण कक्षाची सूत्रे सांभाळणारे राकेश मारिया यांनी हे आरोप फेटाळले. सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. ठरलेली कार्यपद्धती पाळण्यातल्या उणिवा त्यात नोंदवल्या होत्या. तो विधिमंडळापुढे यायला डिसेंबर उजाडला.

मारिया आणि कामटे यांच्यात कोण बरोबर, याचा निवाडा करणे या लेखाचे काम नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या वादात दोन्ही बाजूंना बोट ठेवायला वेळेसकट नोंदलेले निरोप होते. ते नसते तर एका विधवेचा शब्द आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा शब्द एवढेच समोरासमोर राहिले असते आणि अशा सामन्यात कुणाचे पारडे जड असते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या रात्रीचा आणखी एक धडा या चर्चेत क्वचितच येतो. हल्लेखोरांचे सूत्रधार इंटरनेटवरून फोन करत होते आणि ते फोन आपली यंत्रणा ऐकत होती. सूत्रधारांना घटनास्थळाची माहिती मिळत होती ती दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणातून. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवावी असे ठरले. चालू कारवाईची क्षणाक्षणाची माहिती जीवघेणी ठरू शकते, हे त्यातून मान्य झाले. कारवाई संपल्यावरच्या माहितीबद्दल मात्र त्या नियमात काही नाही.

बाहेर काय चालले आहे

डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ साली गाड्यांना रेडिओवरून निरोप द्यायला सुरुवात केली. ऐकणारे लोकही त्यासोबतच आले. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार वीजी याला १९३८ मध्ये पोलीस रेडिओ जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली आणि गुन्ह्याच्या जागी पोहोचण्यातला त्याचा वेग त्यामुळेच गाजला. ब्रिटनने उलट वाट धरली. तिथे पोलिसांचे बोलणे ऐकणे कायद्याने गुन्हा होते आणि या शतकाच्या पहिल्या दशकात सगळी दले एअरवेव्ह या कूटबद्ध जाळ्यावर गेली.

अमेरिकेत अलीकडे तीन नमुने दिसतात. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये लहरी बंद करायला सुरुवात केली. शिकागोने २०२२ पासून एन्क्रिप्शन आणताना ३० मिनिटे उशिराने संभाषण ऐकवण्याची सोय ठेवली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो या गावाने २०२१ च्या जानेवारीत लहरी बंद केल्या आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उघडल्या. लोकांची खासगी माहिती तेवढी फोनवर किंवा इतर मार्गाने सांगायची, असे तिथे ठरले. यांतला शिकागोचा मार्ग तडजोडीचा दिसतो. पण आग, पूर किंवा गोळीबार चालू असताना अर्धा तास उशिरा आलेली माहिती आसपासच्या माणसाच्या उपयोगाची नसते, हा तिथल्या पत्रकारांचा आक्षेपही खरा आहे.

कोण काय म्हणते

पोलिसांची बाजू सरळ आहे. नाकाबंदी कुठे लागणार, छापा कधी पडणार, मंत्र्याचा ताफा कोणत्या रस्त्याने जाणार, हे बोलणे बाहेर गेले तर काम फसते आणि माणसे मरतात. अर्धवट ऐकलेल्या निरोपाची भीतीही आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ‘संशयित दिसला’ एवढाच तुकडा ऐकून कुणी निघाले तर काय होऊ शकते, याची ही आठवण पोलिसांच्या मनात आहे आणि ती असायलाच हवी.

खासगीपणाची बाजू अनेकदा पोलिसांच्या बाजूतच मिसळली जाते, पण ती स्वतंत्र आहे. वायरलेसवर पत्ते सांगितले जातात, गाडीचे क्रमांक सांगितले जातात, मारहाण झालेल्या बाईचे नाव सांगितले जाते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदा तेच सांगतो. लहर सरसकट खुली ठेवली तर हे कायदे रोज मोडले जातील. या मुद्द्याला समाधानकारक उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेले नाही.

पत्रकारांचे म्हणणे असे की घटनेची पहिली खबर पोलिसांच्याच तोंडून मिळणार असेल, तर ती पोलिसांना सोयीची तेवढीच मिळेल. आपल्याकडे गुन्हे वार्ताहर नियंत्रण कक्षाचे फोन, ओळखीचे अधिकारी आणि पोलिसांनी चालवलेले व्हॉट्सअॅप गट यांवर अवलंबून असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली करायला सांगितले. त्या खटल्यात न्यायालयाची चिंता मुख्यतः आरोपीची आणि पीडिताची प्रतिष्ठा ही होती. वार्ताहराला काय मिळावे, हा भाग मागेच राहिला.

चौथी बाजू नोंदीची. आता ऐकू नका, पण नोंद ठेवा आणि नंतर द्या, असे ही बाजू मांडणारे म्हणतात. भारतीय कायद्यात या विचाराला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालाने संवेदनशील प्रकरणे वगळून प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक केले. इंटरनेटची अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत सवलत दिली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये जीविताला धोका आणि तपासात अडथळा ही नकाराची कारणे आहेत. पण दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ च्या भगत सिंग प्रकरणात स्पष्ट केले की तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येतो ते दाखवावे लागेल. कलम १० प्रमाणे संवेदनशील भाग गाळून उरलेला देताही येतो. माझा कल या बाजूकडे आहे, कारण आपल्या परिस्थितीत हीच मागणी कायद्याला धरून आहे आणि कामटे प्रकरणाने तिचे मोल दाखवले आहे.

किनाऱ्याचे गणित वेगळे

जमिनीवरचा हा वाद समुद्राकडे तोंड करून पाहिला की बदलतो.

जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला त्या वर्षीच्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. टाडा न्यायालयाने पुढे ज्यांना दोषी ठरवले त्यांत सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातले लोकही होते. त्या काळी किनाऱ्यावरच्या माणसाला काही संशयास्पद दिसले तरी ते सांगायचे कुणाला, हाच प्रश्न होता, कारण ज्यांना सांगायचे त्यांतलेच काही सामील होते. १९९३ मध्येच नौदल, तटरक्षक दल आणि सीमाशुल्क यांची संयुक्त गस्त ऑपरेशन स्वान या नावाने सुरू झाली. २००८ नंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, २० मीटरपेक्षा लांब बोटींना ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा सक्तीची झाली. किनाऱ्यावरच्या कोळी माणसाला सरकारने आपले डोळे आणि कान म्हटले.

आणि समुद्रावरची मूळ हाक खुलीच आहे. सागरी व्हीएचएफचे चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेले आहे आणि संच असलेल्या प्रत्येकाने ते ऐकत राहावे अशी अपेक्षा आहे. कोण ऐकतो आहे हे माहीत नसल्यामुळेच ती हाक उपयोगी पडते. पोलिसांचा वायरलेस याच्या नेमका उलट चालतो. थळ, नवगाव, बोडणीचा मच्छीमार या दोन व्यवस्थांच्या मध्ये आहे. त्याने पाहिलेले १०९३ वर पोलिसांना किंवा १५५४ वर तटरक्षक दलाला कळवायचे. पण मोबाइलची रेंज काही मैलांनंतर संपते. आता इस्रोच्या उपग्रहातून दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवू शकणारे ट्रान्सपॉन्डर एक लाख बोटींवर बसवण्याची योजना केंद्राने हाती घेतली आहे. माझ्या मते या किनाऱ्यावर ही योजना स्कॅनरच्या वादापेक्षा अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे मच्छीमाराकडे माहिती परत येऊ शकते.

किहीमचा पट्टा मांडवा सागरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा सागरी पोलिसांच्या गस्ती बोटीने ऐंशीहून अधिक प्रवाशांना बाहेर काढले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आदळले आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत वीज व मोबाइल दिवसेंदिवस बंद राहिले. अशा वेळी पोलिसांचा वायरलेस हाच गावाचा बाहेरच्या जगाशी दुवा उरतो. त्याला असे कुलूप घातले की एनडीआरएफ, अग्निशमन दल किंवा परवानाधारक हौशी रेडिओचालक त्याच्याशी बोलूच शकणार नाहीत, तर ते कुलूप गावालाच अडवेल.

अफवांचा प्रश्नही इथे दोन्ही बाजूंनी पाहता येतो. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली लेडी हान ही बोट वाहून आली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती आणि जिल्हाभर नाकाबंदी लागली. देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधिमंडळात बोटीचा सगळा प्रवास सांगितला. मालकीण ऑस्ट्रेलियाची, बोट मस्कतहून युरोपकडे निघालेली, खलाशी जूनमध्येच वाचवलेले. घबराट लवकर ओसरली. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समोर रडारवर संशयास्पद बोट दिसल्याची बातमी आली, मोठा शोध चालला आणि अखेर ते पाकिस्तानी मच्छीमार बोटीच्या जाळ्याचे तरंगते बोये असल्याचे निष्पन्न झाले. दोन्ही वेळा लोकांना वायरलेस ऐकायचा नव्हता. त्यांना अधिकृत माणसाने लवकर आणि पूर्ण सांगायला हवे होते. पहिल्या वेळी ते काही तासांत झाले.

काय सुटायचे राहिले

एन्क्रिप्शन यावे की नाही हा प्रश्न बहुधा तंत्रच सोडवून टाकेल, कारण नवे संच ते बरोबर घेऊनच येतात. खऱ्या गाठी इतरत्र आहेत. आपत्तीच्या वेळी सगळ्या यंत्रणांना एकमेकांशी बोलता येईल अशी कुलूप नसलेली समान लहर जिल्हा पातळीवर राखायची का आणि तिची तालीम कोण घेणार? मृत्यूचा जाब विचारण्यासाठी नोंद मागणाऱ्या नातेवाइकाला आणि कुतूहलापोटी मागणाऱ्याला कायद्याने वेगळे वागवावे का? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद झाली. वायरलेसवरच्या जवळजवळ प्रत्येक निरोपात कुणाचे तरी नाव असते. कामटे यांच्यासारखा अर्ज उद्या कुणी केला तर त्याला जास्त खडतर वाट चालावी लागेल. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची तरतूद अजून शिल्लक आहे. माहिती आयुक्त ती कशी वापरतात त्यावर सगळे अवलंबून राहील.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न नोंद टिकण्याचा. पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी चित्रण १८ महिने, किंवा तशी साधने मिळेपर्यंत किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. नियंत्रण कक्षाच्या ध्वनिमुद्रणाला तोच नियम लावायला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध ठेवणे प्रत्येक कार्यालयाला आधीपासूनच बंधनकारक आहे. मृत्यू, गोळीबार किंवा कोठडीतली घटना असेल तिथे ती मुदत आपोआप वाढावी आणि मुद्रण दुसऱ्या ठिकाणीही जतन व्हावे, एवढे राज्याच्या गृह विभागाला एका शासन निर्णयाने करता येईल.